टोप्यांच्या कंपन्या आणि आमचं मंडळ

"काका, त्या दुसऱ्या मंडळातलं कोणी ग्रोसरीत दिसलं, तर तुम्ही हाय म्हणता की रांग बदलता?"

हे विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं! तेही आमच्याच बेसमेंटमध्ये, गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. मागच्या वर्षीची मी असते तर आईच्या मागे लपून चिप्स खात बसले असते.

मंडळाचे अध्यक्ष दिगंबरकाका म्हणाले, "आम्ही स्टोअरच बदललंय."

सगळे हसले. सेक्रेटरी, म्हणजे माझे बाबा, तेवढे हसले नाहीत. "निधी, वर जा."

कशी जाणार? माझं नाटक अडकलं होतं!

शाळेत आम्हाला फरच्या धंद्याचा इतिहास होता, आमच्या मिनेसोटापासून पार कॅनडापर्यंतच्या जंगलातला. मी आणि माझी मैत्रीण हिमानी वेड्याच झालो. तेव्हा युरोपात सगळ्यांना बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या टोप्या हव्या असायच्या. हडसन्स बे कंपनीचे लोक समुद्राकाठी ठाणी बांधून निवांत बसायचे, शिकारी येतीलच म्हणून. नॉर्थ वेस्ट कंपनीवाले मात्र होड्या खांद्यावर घेऊन जंगलात घुसायचे, थेट तिथल्या मूळ रहिवाशांच्या दारात. मग काय, हडसन्स बेवालेही आत आले. एकाने ठाणं बांधलं की दुसरा त्याच्यासमोर बांधणार. ब्लँकेटं, बंदुका, दारू दाखवून एकमेकांचे शिकारी पळवणार. शेवटी तर गोळ्याच झाडल्या. त्यावर आम्ही दोघींनी गणपतीसाठी नाटक लिहिलं, त्यात हिमानी हडसन्स बे आणि मी नॉर्थ वेस्ट. नुसतं कडाकडा भांडण, आणि सगळं मराठीत!

आणि मार्चमध्ये मंडळ फुटलं. कशावरून? गणपतीला पॉटलक करायचं, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं, की केटरिंग! याहू ग्रुपवर इतक्या ईमेल्स आल्या की बाबांनी ऑफिसात वाचणं बंद केलं. हिमानीची आई, सुलेखामावशी, नव्या मंडळाची अध्यक्ष झाली. आता दोन्ही गणपती एकाच शनिवारी, रस्त्याच्या अल्याड-पल्याडच्या दोन शाळांमध्ये. आणि दोघांचा नियम एकच: तिकडे स्टेजवर गेलेलं मूल इकडे नको.

"हिमानीचा रोल आपल्याकडच्या शंतनूला दे," दिगंबरकाका म्हणाले. "भांडायला काय, कोणीही चालतं."

"काका, तिचे डायलॉग तिने लिहिलेत!"

"मग आपण नवे लिहू. तुला शेवटचा स्लॉट देतो. कॉलर माइकसुद्धा!"

वर जाऊन मी हिमानीला फोन लावला. उचलला सुलेखामावशीने. "निधी, तूच ये की गं इकडे. आमच्याकडे मुलांना ट्रॉफी आहे."

इकडे माइक, तिकडे ट्रॉफी. यार, नाटक कोणालाच नको होतं! ह्यांना फक्त आपल्याकडची मुलं मोजायची होती. मी उशीत तोंड खुपसून ओरडले. मग हिमानी फोनवर आली आणि आम्ही खूप वेळ बोललो.

लोक गेल्यावर मी खाली आले. आई उरलेला ढोकळा डब्यात भरत होती. "अगं, शेवटी त्या कंपन्या एक झाल्याच ना? आपलीही मंडळं होतील."

"झाल्या, पण सरकारने दामटून केल्या! मग ठाणी बंद झाली, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. शिकाऱ्यांना तर भाव पटला नाही तरी जायला दुसरं दारच उरलं नाही. आई, त्याची काय वाट बघायची?"

बाबा खुर्च्यांच्या घड्या घालत होते. ते थांबले. "मग तुझं म्हणणं तरी काय?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्या शनिवारी मी कुठल्याच स्टेजवर नसेन. हिमानीपण नसेल. आम्ही आदल्या रविवारी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये नाटक करणार आहोत, ज्याला यायचंय त्याने यावं. बाबा, मी परवानगी मागत नाहीये. सांगतेय."