दाव्यानं बंद होणारा टीव्ही

ऐका ना गं, आज बसमधी लगेच झोपू नका. रेणुके, तू डोळे मिटूनच ऐक, चालंल मला. आठ तास उभं राहून पाय माझे पण गेलेत, पण हे सांगितल्याबिगर मला झोप यायची न्हाई.

माझे चुलते हायेत ना, भिमाजी आबा? भाजे गावात, आमच्या भिंतीला भिंत लागून ऱ्हात्यात. त्यांचे हात बारा वर्षांमागं कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसमधी सापडले. उजव्याची चार बोटं गेली, डाव्याची हायेत पण वाकत न्हाईत. तर आबा घरी एकटे असत्यात दिवसभर. त्यांचा पोरगा अतुलदादा मळवली स्टेशनला रिक्षा लावतो आणि सून चंपावैनी सकाळी सातला लोणावळ्याला जाती, एका बंगल्यात सैपाकाला. जाताना काय करती माहितीये? टीव्ही लावून जाती. आबांना सोबत म्हणून. आणि संध्याकाळी पाचला येऊन बघती तर टीव्ही चालूच.

मी एकदा दुपारची गेलते डबा द्यायला. टीव्हीत चार माणसं नुसती एकमेकांवर वरडतायत आणि आबा भिताडाकडं तोंड करून बसलेत. म्हणलं, "आबा, च्यानल बदलू का?"

"बदलू नगं, बंद कर बाई," आबा म्हणले. "चालू कराया समदी हायेत. बंद कराया कोन न्हाई."

"मग वैनीला सांगा ना, लावत नको जाऊ."

"तिला वाटतं मला बरं वाटतं. दमून येती ती. तिला कुटं अजून हे सांगू."

रिमोटची बटणं त्यांना दाबत न्हाईत, अंगठ्यानं दाबाया गेले की रिमोट निसटतो. भिताडावरचा बोर्ड कपाटाच्या मागं. एकदा कोपरानं प्रयत्न केला तर सेटटॉप बॉक्सच खाली पाडला, वैनी दमून आलेली, तशीच खाली बसून वायरी जोडत राहिली म्हणे. तवापासनं आबांनी हात लावणं सोडलं. पावसापाण्याचं बाहेर तरी किती बसणार?

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. आयटीआय केलंय की मी! गुरवारची सुट्टी होती. रिमोट उघडला, आतल्या बंद-चालूच्या बटणाला दोन वायरी सोल्डरनं डाकल्या, बाहेर काढल्या, आणि त्यांना एक मोठ्ठं बटण जोडलं. ते आपलं हिरवं, तळव्यानं दाबायचं, फुगीर टोपीचं असतं ना? कंपनीच्या भंगारात चार पडलेली, सायबाला विचारून एक आणलं. म्हणलं, ह्याच्याहून सोपं काय असतंय! बोटं नकोत, नुसता तळवा ठेवला की झालं. मी लय खूश. वैनीला सांगितलं न्हाई, म्हणलं आबा आपल्या हातानं दाखवतील तिला.

आबांच्या मांडीवर ठेवलं. म्हणलं, "दाबा."

आबांनी बघितलं. म्हणले, "छान केलंय." आणि हात काखेत घेतले.

"दाबा की!"

"दाबतो नंतर."

मला वाटलं, कडक असंल. दुसऱ्या गुरवारी स्प्रिंग बदलली, पिसासारखी हलकी केली. न्हाई दाबलं. तिसऱ्या गुरवारी खाली लाकडाची फळी मारली, हलू नये म्हणून, तिरकी बसवली, मनगट टेकंल अशी. माझं कपडे धुवायचं राहिलं, आई बोलली ती येगळीच, "लोकं सुट्टीला झोपत्यात, ही खिळे मारती." आणि आबा? फळीपातूर हात नेला, अर्ध्यातनं मागं. "ऱ्हाऊ दे गं प्रतीक्षा. तू पण दमलीस." टीव्ही आपला वरडतोय. खरं सांगू? रागच आला मला. म्हणलं, करायचंच न्हाई तर सांगावं ना माणसानं.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, फस्ट शिफ्ट, मी आपल्या सात नंबरच्या प्रेसवर. पत्रा ठेवला, दोन्ही तळवे दोन हिरव्या बटणांवर, दाबलं. धाड! वरनं ठोकळा आला खाली. आणि मी तशीच उभी. मागच्या प्रेसवरनं विक्की वरडला, "ओ मॅडम, झोपला काय?" मी झोपले नव्हते रे बाबा. माझ्या हाताखाली तेच बटण होतं! त्यांचे हात गेले तवा आबा हेच दाबत होते. एकदा दाबलं आणि पत्रा काढताना मशिन आपोआप दुसऱ्यांदा खाली आलं, हे मला लहानपणापासनं ठाऊक हाय, घरात शंभरदा ऐकलंय, आणि मी तेच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. वर म्हणती दाबा!

रेणुका, हसू नको.

हसत न्हाईस? बरं.

घरी उतरले ती तडक आबांकडं गेले. म्हणलं, "आबा, बोलला का न्हाई?"

"तू एवढं खपलीस," ते म्हणले. "टीव्ही हाय, कळतंय मला. हाताला कळत न्हाई. दाबलं की वरनं काय तरी येतंय असं वाटतं."

मी बटण पिशवीत टाकलं आणि ओट्यावर बसले. उठायचं पण त्राण नव्हतं. तेवढ्यात आबा म्हशीला पाण्यावर न्यायला निघाले. रोज नेत्यात, मी रोज बघते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दाव्याचा फास मनगटात घातला, हिसका दिला, एवढं मोठं जनावर मुकाट मागं चाललं. बोटं कशाला लागतात तितं!

मग काय! सुट्टीची वाट पण न्हाई बघितली. दुसऱ्याच दिवशी सायबाला विचारून भंगारातनं एक लिमिट स्विच आणला, दांडी वढली की चालणारा, आणि बटणाच्या जागी वायरीला लावला. तो खिडकीच्या गजाला बांधला, आणि दांडीला म्हशीचं जुनं दावं, खाली फास. आबांनी बघितलं आणि काय न विचारता मनगट घातलं.

पण वढलं न्हाई लगेच. कारण वैनी आली. पिशवी ठेवली, पदरानं तोंड पुसलं, भिताडाला टेकून खालीच बसली. टीव्हीत कुणाच्या तरी लग्नात भांडण लागलेलं. वैनी बघत पण नव्हती. आबांनी तिच्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं.

वढलं.

गप झालं सगळं. इतकं गप, की म्हैस रवंथ करती ते ऐकू यायला लागलं.

वैनी दचकली. "आबा, बिघडला का?"

"न्हाई. म्या बंद केला." आणि म्हणले, "चंपा, सकाळी लावून नगं जात जाऊ. मला नगं असतो त्यो."

मला वाटलं, आता वैनीला वाईट वाटणार. ती दाव्याकडं बघत राहिली. मग म्हणली, "मला पण नको असतो ओ आबा. तुमाला पाहिजे म्हणून मी आल्यावर पण तसाच ठेवती."

आणि डोकं भिताडाला टेकलं, बसल्याबसल्या झोप लागली तिला, चप्पल पण पायातच. आबांनी मनगटातनं फास काढला, मला खुणेनं सांगितलं, जा आता. मी दार हळूच वढून घेतलं.

झालं, एवढंच. आता झोपा.