मिस्त्रींच्या नावापुढचा आकडा

शाळेचं तोंडही मी कधी पाहिलं नाही, तरी गणित माझ्या अंगावर कायमचं आहे. मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. नऊ खड्ड्यांच्या एका छोट्या गोल्फ मैदानावर, खेळाडू बूट बदलतात त्या खोलीत मी टांगलेला असतो.

मला घडवलं मिस्त्रींनी. एका मोडक्या दाराची फळी त्यांनी रंधून रंधून गुळगुळीत केली, चौकट बसवली, काळा रंग दिला. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, तो स्पर्श मला अजून आठवतो.

दर गुरुवारी कामं आटोपून मंडळी खेळायला येत. कुणी पट्टीचा, कुणी अगदीच कच्चा. मग सामना बरोबरीचा कसा व्हायचा? त्यासाठी निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई हिशेब करत. नऊ खड्डे छत्तीस फटक्यांत संपवणं म्हणजे उत्तम खेळ. बाई प्रत्येकाचे शेवटचे पाच खेळ घेत, त्यांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून देत, उरलेल्या तिन्हींची सरासरी काढत. त्यातून छत्तीस वजा करून जे उरेल, त्याचे शंभरातले ऐंशी भाग म्हणजे त्या खेळाडूचा हँडिकॅप. तेवढे फटके त्याला माफ! हा आकडा बाई वळणदार अक्षरात माझ्यावर लिहीत, आणि येणारा जाणारा आधी मलाच बघे. तेव्हा माझी ऐट काय सांगू!

मिस्त्रींचा आकडा वर्षानुवर्षं अकरा होता. मग ते आजारी पडले. बरे झाले, पण उजव्या हातात पूर्वीची ताकद राहिली नाही. त्यांचे फटके मोजायचं काम त्यांच्या जिवलग मित्राकडे, टेलरकडे असे; मिस्त्री स्वतः कधी मोजत नसत. आता मिस्त्रींचे फटके पन्नासावरून साठावर गेले. ते लिहिणं टेलरच्या जिवावर आलं. कार्डावर तो दर वेळी दहा-बारा फटके कमीच लिहू लागला. आकडा अकराच राहिला. "बघा, हात गेला तरी खेळ गेला नाही!" म्हणत मिस्त्री मला टिचकी मारत. मलाही खरंच वाटलं. मी लाकूडच, मला काय कळणार?

मोसमाचा अंतिम सामना मिस्त्री आणि दवाखान्यातल्या सिस्टर यांच्यात होता. त्या दिवशी फटके प्रतिस्पर्ध्यानं मोजायचे, असा नियम होता. सिस्टरनी मोजले एकसष्ट. अकरा माफ, उरले पन्नास. सिस्टरचे पंचावन्न, सतरा माफ, उरले अडतीस. मिस्त्री बारा फटक्यांनी हरले.

ते आत आले आणि बाहीनं माझ्यावरचं स्वतःचं नाव पुसून टाकलं.

"संपलो मी," एवढंच म्हणाले. पुढच्या गुरुवारी ते आलेच नाहीत.

टेलर मात्र आला. बाईंसमोर त्यानं मापं लिहायची वही ठेवली. मोजलेलं लिहून ठेवायची त्याची जन्माची सवय! शेवटच्या पानावर मिस्त्रींचे खरे आकडे होते: अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ, पासष्ट.

"त्याला वाईट वाटू नये म्हणून केलं हो, बाई."

"अहो, त्यांच्या हक्काचे कितीतरी फटके तुम्ही काढून घेतलेत," बाई म्हणाल्या. "आता त्यांना तुम्हीच सांगा."

टेलर मिस्त्रींना घेऊनच आला. सगळं ऐकून मिस्त्री लालबुंद झाले.

"मला भीक घातलीस? तू?"

"चुकलं माझं," टेलर म्हणाला. "तुझा आकडा वाढला की तू खेळणं सोडशील, अशी भीती वाटली मला. गुरुवारी मी कुणाबरोबर फिरलो असतो?"

मिस्त्रींनी वहीचं शेवटचं पान वाचलं आणि वही बाईंपुढे सरकवली. मग बाईंनी वहीतले चार खेळ आणि अंतिम सामन्याचे एकसष्ट घेऊन हिशेब मांडला. आकडा आला वीस. मिस्त्रींनी खडू मागून घेतला आणि माझ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. पुढे वीस.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा सिस्टरशी खेळले. मिस्त्रींचे साठ, वीस माफ, उरले चाळीस. सिस्टरचे छप्पन्न, सतरा माफ, उरले एकोणचाळीस. एका फटक्यानं हरले! पण आत आले ते टेलरशी भांडतच, "तू खोकलास म्हणून माझा शेवटचा फटका चुकला!" आणि जाता जाता त्यांनी मला टिचकी मारली.

मित्रांनो, आता माझी चौकट खिळखिळी झाली आहे, रंगही उडाला आहे. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, एवढंच मागतो. आणि आपल्या माणसाचा आकडा वाढला, तर तो लपवू नका. खरा लिहा, आणि तेवढे फटके त्याच्यासाठी थांबा.