एका कॅनमधलं दूध

दुष्काळात सोसायटीनं नेकनूरच्या रस्त्याला चारा छावणी काढली आणि जनावरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. बद्रीनाथ पाटलाच्या गाईशेजारी गुरुलिंग वाण्याची गाय आली. गाईंची काही हरकत नव्हती.

टेम्पोवाला अर्धा कॅन उचलत नसे, म्हणून दोघांचं दूध एकाच कॅनमध्ये जाई. डेअरीत दोनदा फॅट कमी लागली. तिसऱ्यांदा लागली की कॅन बंद, आणि मग बद्रीनाथला गाय बाजारात उभी करावी लागणार. घर तिच्यावरच चाललं होतं; गुरुलिंगला निदान दुकान होतं.

वाणी दुधात पाणी घालतो, हे बद्रीनाथला लहानपणापासून माहीत होतं. पाटील घालतो, हे गुरुलिंगला. घरच्यांनीच सांगितलेलं. म्हणून एक धार काढायला बसला की दुसरा समोर उकिडवा बसायचा. टँकर चार दिवसांनी यायचा. घालायला पाणी आणायचं कुठून, हे दोघांनीही विचारलं नाही.

महिनाभर असं बसून बद्रीनाथला कळलं, की गुरुलिंग लिंगपूजा चमचाभर पाण्यात उरकतो आणि उरलेला तांब्या गाईला पाजतो. गुरुलिंगला कळलं, की पाटील बायकोपेक्षा गाईशी जास्त बोलतो.

मग बद्रीनाथ तापानं पडला. त्याच्या गाईची धार गुरुलिंगनं काढली. समोर कोणी नव्हतं. त्याच दिवशी फॅट तिसऱ्यांदा कमी लागली.

"अप्पा, पाणी घातलं का?"

"कुठलं पाणी, पाटील? पूजेला न्हाई."

बद्रीनाथनं त्याच्या कोरड्या तांब्याकडं पाहिलं. "खरंय. तुमी वाणी असून तसले न्हाईत."

"तुमीबी पाटील असून लई बरे हाव."

छावणीत सगळ्यांचीच फॅट कमी लागत होती. जनावरं नुसत्या उसाच्या वाढ्यांवर, शेंड्याच्या पाल्यावर होती. पण नियम तो नियम.

बाजाराला गुरुलिंगही सोबत गेला. दलालानं गाईच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि भाव पाडला.

"वाण्याची जात," बद्रीनाथ पुटपुटला आणि ओशाळला.

"असतेत आमच्यात तसले," गुरुलिंग समजुतीनं म्हणाला.

दलाल शेजारच्या गावचा पाटील होता. नाव विचारायचं त्राण दोघांतही नव्हतं.

गाय विकली तरी दावं देत नाहीत, घरी आणतात. वाटेत बद्रीनाथनं ते पुढं केलं. "घ्या अप्पा. तुमच्या गाईचं झिजलंय."

गुरुलिंगनं दावं दोनदा ओढून पाहिलं, मगच खांद्यावर टाकलं.