डेलच्या ओढ्यातले सॅमन

आमच्या खोऱ्याच्या कवितासंग्रहाचा नियम एकच. या नदीला मिळणाऱ्या पाण्याच्या मुलुखात जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, ते लिहायचं नाही. नकाशावरची जिल्ह्याची रेघ आम्ही मानत नाही. आपल्या छपरावरचं पाणी जिकडे जातं, ते आपलं गाव. संपादक मी, त्यामुळे बोलणी खाणारीही मीच.

यंदा डेल ऑस्ट्रँडरची सॅमन माशांवरची कविता मी परत केली. डेल माझा शेजारी, गुरं पाळतो, सत्तरी ओलांडलेला. त्याच्या ओढ्यात समुद्रातून सॅमन अंडी घालायला यायचे ते त्याच्या वडिलांच्या तरुणपणी. मग ओढ्यावरून रस्ता नेला आणि पाणी जायला त्याखाली मोठा लोखंडी नळ बसवला. त्याचं तोंड पाण्याच्या इतकं वर राहिलं की माशांची उडी पोचेना, ते खालूनच परत फिरले.

"तू पाहिलेस का सॅमन?" मी विचारलं.

"बापाने पाहिलेत ना!"

"मग कविता बापाकडून लिहून आण."

"मार्व्हा, तुझ्या नियमाला लाव आग," म्हणत तो तणतणत गेला. पण खोऱ्यातल्या लोकांच्या पुढच्याच सभेत उभा राहिला. "तो नळ काढू या. जमीन माझी, ट्रॅक्टर माझा. या बाईला मासा दाखवल्याशिवाय मी काही मरत नाही."

उन्हाळाभर खोरं राबलं. झाडं वाचवणारे आणि झाडं तोडून पोट भरणारे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, शेजारी शेजारी फावडी मारत होते. नळ निघाला, लाकडी पूल झाला, ओढ्याच्या तळाशी गोटे अंथरले. मला धास्ती वाटायची. मासे आले नाहीत तर हा हट्टी म्हातारा पुरता खचेल, आणि त्याला डिवचलं होतं मी.

नोव्हेंबरात पाऊस झाला, ओढा भरून वाहिला, तरी मासे आले नाहीत. डेल रोज पुलावर जाऊन पाणी बघून यायचा. डिसेंबरात एका सकाळी तो चिखलाने माखून माझ्या दारात उभा.

"बूट घाल. काही विचारू नकोस."

पुलावर निम्मं खोरं जमलं होतं, सगळे कठड्यावरून खाली वाकलेले. खाली निवळत्या पाण्यात हातभर लांब मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवत होती, अंड्यांसाठी खड्डा करत होती. मागे दोन नर टपून. समुद्रापासून इथवर आले होते ते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"आले रे आले!" लाकूडतोड्या रॉस ओरडला आणि पुलावर एकच कल्ला झाला.

"डेल, आण तुझी कविता," मी म्हणाले.

"चुलीत घातली काल. म्हटलं, आता कशाचे मासे! बरंच झालं. त्यात ते चांदीसारखे चमकत होते. बघ ना खाली, वाटेत झिजून फाटक्या गोणपाटासारखे दिसतात. किती देखणे आहेत गं!"

मग टोपी काढून त्याने तिथेच नवी कविता सुरू केली. दुसऱ्या ओळीशी अडला, ती रॉसने पुरवली. तिसरी मी. चौथीसाठी भांडणं लागली. खाली मादी खड्डा खणतच होती.