समुद्रात धुतलेला पडदा

मी एक पडदा बोलतोय. दर्शनी, मखमली, मिरवणारा नव्हे. नटांच्या पाठीमागे मुकाट्याने उभा राहणारा, साध्या मांजरपाटाचा. आमचं नाट्यगृह वाळूला अगदी लागून आहे. संध्याकाळी समुद्रावर फिरायला आलेली माणसं पायांची वाळू झटकत आत यायची आणि तिकीट काढून माझ्यावर रंगवलेला समुद्र बघत बसायची. खरा समुद्र दाराबाहेर फुकट होता, तरीही! माणसांचं काही सांगता येत नाही.

माझ्यावरचा समुद्र काढला होता पेंटरबाबांनी. पिठाच्या खळीत रंग कालवून, मला जमिनीवर अंथरून, दुपारभर ते अनवाणी माझ्यावर फिरत आणि लांब दांड्याच्या ब्रशने लाटा ओढत. त्यांचे बाकीचे पडदे खाऱ्या हवेने खाल्ले. मी तेवढा उरलो, तोही अडगळीत गुंडाळलेला.

पुढे बाबांची नजर अधू होत चालली. त्यांची लेक म्हणजे नाटकमंडळींची ताई. तिच्या मनाने घेतलं, की डोळे पुरते जाण्याआधी बाबांना त्यांचा पडदा दिव्यांच्या उजेडात एकदा दाखवायचाच. जुनं नाटक बसवायला घेतलं, सगळी वस्ती कामाला लागली. प्रयोगाच्या सकाळी मला उलगडलं, तर अंगावर धुळीचा थर.

आमच्या वस्तीत नळाला पाणी बेताचं. सतरंज्या, चटया, शिडं, जे जे मोठं ते समुद्रात धुवायचं आणि घागरभर गोड्या पाण्याने खंगाळायचं, ही पिढीजात रीत. मलाही नेलं. आठ-दहा जणांनी कडा धरल्या, गाणी म्हटली, एकमेकांवर पाणी उडवलं. इतक्या मायेने मला कुणी कधी हाताळलं नव्हतं. खळीतला रंग पाण्यात टिकत नाही हे बाबांना आणि मलाच ठाऊक होतं, पण बाबा घरी होते आणि पडद्याचं ऐकतो कोण? बाहेर काढलं तेव्हा मी कोरा होतो. ताईने मला उलटून दुसरी बाजूही पाहिली.

तसाच टांगा, बाबांना तरी कुठे धड दिसतंय, असं कुणीतरी म्हणालं. दुसरा इलाजही नव्हता. संध्याकाळी बाबा पुढच्या रांगेत बसले. नट यायच्या आधी माझ्यावर दिवे लागले. ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग चाचपडत त्यांनी ताईचा हात धरला.

"गेले गं डोळे," ते म्हणाले. "सगळं पांढरं दिसतंय."

पडदा धुऊन गेला म्हणावं, तर त्यांचं हयातभराचं काम बुडालं. गप्प बसावं, तर डोळे गेले. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ताई एवढंच म्हणाली, "हो बाबा. चला, घरी जाऊ."

बाबांनी डोळे मिटले ते मिटलेच. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर आता कशाला म्हणतात. दारात खुर्ची टाकून बसतात, समोर समुद्र असतो, पण पापणी उचलत नाहीत. मंडळी पांगली. ताई माझ्या वाटेला फिरकत नाही. मी हल्ली मोडक्या खुर्च्यांवर पांघरलेला असतो, मिठाने ताठ झालोय, घडीघडीवर फाटतोय. मला आता कुणी रंगवणार नाही आणि त्याची आशाही नाही.

पण तुमच्यापैकी कुणी त्या दारावरून गेलात, तर त्या म्हाताऱ्याला एवढं सांगा. लवकर सांगा, उरलीसुरली नजरही आता विझत असेल. म्हणावं, बाबा, डोळे उघडा. त्या दिवशी तुम्हाला अगदी बरोबर दिसलं होतं.