खणखणीत की बद्द

चहाचं पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून तिने खोक्यात ठेवलं, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. वाजली कसली, आदळलीच. फाटक असं उघडणारा माणूस एकच होता.

"आहे का कुणी घरात?"

"मागे या काका, अंगणात आहे मी."

भोंगाकाका म्हणजे वडिलांचे कारखान्यातले जोडीदार. लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीला आतून विटांचं अस्तर लावायचं, हेच दोघांचं उभ्या आयुष्याचं काम. वडिलांनी वीट ठोकून पारखायची, काकांनी बसवायची. भोंगा हे नाव आईने ठेवलेलं. कारखान्याचा भोंगा बिघडला तर यांना गेटावर उभं करा, म्हणायची, अख्खी पाळी धावत कामावर येईल.

काका आले आणि धुण्याच्या दगडावर टेकले. अंगणात सगळीकडे भट्टीच्याच विटा अंथरलेल्या होत्या. तडकलेल्या, कोपरे उडालेल्या, कारखान्याने नापास केलेल्या. पिवळट रंगाच्या त्या फरशीवरून लहानपणी ती लंगडी घालायची.

"चहा विचारला असता, पण पातेलं आत्ताच बांधलं."

"राहू दे. तुझ्या बाबांची हातोडी न्यायला आलोय, तुझी हरकत नसेल तर." काकांनी गुडघे चोळले. "भट्टी थंड केलीय. जुनं अस्तर तोडून काढलं, आता नवं चढवायचं. आम्हा म्हाताऱ्यांना बोलावलंय, नुसतं खुर्चीवर बसून बघायला. पण हात रिकामे असले की मला धड बघताही येत नाही."

"न्या की. कोनाड्यातच आहे."

"घराचं ठरलं?"

"एक जण बघून गेलाय. आठवडाभरात रिकामं हवंय त्याला."

"हं." मग इकडेतिकडे पाहत ते म्हणाले, "जावईबापू नाही आले?"

खोक्याचं झाकण दाबणारे तिचे हात थांबले. म्हणजे बाबांनी यांनाही सांगितलं नव्हतं. रोज बाकावर ज्याच्याशेजारी बसले, त्या माणसालाही नाही. एवढी लाज वाटली होती त्यांना.

"काम आहे त्यांना," ती म्हणाली आणि हातोडी आणायला आत गेली.

आत भिंतीला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. दीड वर्षापूर्वीचा तो रविवार तिला पाठ होता. फोन लावण्याआधी तिने तीच दोन वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली होती. आम्ही वेगळे झालोय, बाबा. मी थोडे दिवस येऊन राहू का तिकडे? पलीकडे खाकरल्याचा आवाज आला होता. मग बाबा म्हणाले होते, "बरं, बरं. जेवलो मी. तू जेवलीस ना? ठेव आता."

ती घरी आली नाही. फोन मात्र करत राहिली, दर रविवारी, न चुकता, एखादं बिल भरावं तसा. हवापाण्याचं बोलायची. उत्तर तेच यायचं: जेवलो मी, ठेव आता. ती आली ती बाबा गेल्याचं शेजाऱ्यांनी कळवल्यावर, आणि तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. एवढं काय चुकलं होतं तिचं? गेल्या कित्येक रात्री कूस बदलताना तिला हाच एक प्रश्न टोचत होता.

हातोडीचा दांडा मधोमध झिजून बारीक झाला होता. तिने तो हातात घेतला, तर बोटं आपोआप खाचेत बसली. बाबांची बोटं तिच्यासारखीच आखूड होती.

काकांनी हातोडी घेतली, वाकून पायाजवळच्या विटेवर अलगद टोला मारला आणि मान तिरकी केली.

"बद्द," ती पटकन म्हणाली.

काकांनी दुसऱ्या विटेवर टोला मारला.

"खणखणीत. कोपरा उडालाय, पण आतून चांगली आहे."

"अगं, कान शाबूत आहे की तुझा!"

"मग? केवढा सराव करून घेतलाय." तिला नकळत हसू आलं. "संध्याकाळी बाबा इथेच उकिडवे बसायचे. डाव्या हाताने वीट उभी धरायची, उजव्याने टोला. डोळे मिटून घ्यायचे आणि विचारायचे, सांग, खणखणीत की बद्द? एकच वीट पुन्हा पुन्हा. मला खेळायला पळायचं असायचं, पण सोडायचे नाहीत. वाटायचं, मुलगा नाही म्हणून मलाच शिकवून ठेवतायत."

काका हसू लागले, आणि मधेच थांबले.

"तुला शिकवत नव्हता गं तो," ते म्हणाले. "तुझ्याकडून शिकत होता."

तिने पायाखालच्या विटांकडे पाहिलं.

"वहिनी बोलल्या नाहीत कधी?" काकांनी हातोडी मांडीवर आडवी ठेवली. "जुनं अस्तर तोडायचं तर भट्टीच्या पोटात उतरून यंत्राने फोडावं लागतं. चारी बाजूंनी लोखंडाची भिंत; आवाज जाणार कुठे? माझे कान निम्मे गेले. त्याचे जाताना मागे वळूनही बघेनात. तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. आणि नेमकं तेव्हाच नवं अस्तर चढवायचं होतं. बहिऱ्या माणसाला वीट पारखायला कोण ठेवणार? बद्द वीट तळात गेली तर लोखंडाला सुईएवढी फट पुरते. काढूनच टाकलं असतं त्याला."

"मग?"

"मग काय, तुझ्या कानाने ऐकायचा आणि तळहाताने पाठ करायचा. चांगली वीट हातात सरसरत जाते म्हणायचा, तडकलेली जागच्या जागी मरते. तू म्हणणार खणखणीत, तो हातात धरून बघणार खणखणीत म्हणजे कसं. असं करत करत शिकला. सुरुवातीला त्याने पास केलेली वीट न् वीट मी त्याच्या पाठीमागे ठोकून पाहिली. चुकेना, तेव्हा नाद सोडला."

"आणि डॉक्टरी तपासणी?"

"ती माझ्या नाकामुळे पास व्हायचा." काकांचे खांदे हलले. "तो आत कानाला यंत्र लावून बसायचा, मी काचेबाहेर. डॉक्टरीणबाईने खटका दाबलेला मला दिसायचा, की मी नाक खाजवायचो आणि तो बटण दाबायचा. एकदा बाई बाहेर आल्या आणि मलाच नाकाला मलम लिहून दिलं."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिने पदराचं टोक डोळ्यांवर दाबलं.

"परवा भट्टीत उतरलो होतो," काका म्हणाले. "आमचं अस्तर तोडायच्या आधी. झिजलं होतं, झिजणारच, त्यासाठीच असतं ते. पण सगळीकडून सारखं झिजलेलं. एकाही सांध्यात लोखंड घुसलेलं नाही. म्हटलं, हे सांगायला तो हवा होता. आता गेटाबाहेर ढीग पडलाय. ट्रक येतात नि घेऊन जातात."

काका अगदी साध्या आवाजात बोलत होते. आल्यापासून, फाटकातली ती एक हाक सोडली तर, त्यांनी आवाज चढवलाच नव्हता. दुःखाचं घर म्हणून असेल, असं तिला वाटलं होतं.

"तुम्ही किती हळू बोलताय, काका."

"आता कुणासाठी ओरडू?"

वाऱ्याने खोक्यातली वर्तमानपत्रं फडफडली. तिने त्यांवर एक वीट ठेवली. मग कितीतरी वेळ त्या विटेवरचा हात काढला नाही.

"आई होती तोवर फोन आईच घ्यायची," ती सावकाश म्हणाली.

"वहिनी सगळं सावरून घ्यायच्या."

"ती गेल्यावर बाबा घ्यायचे."

"शर्टाच्या खिशात थरथरला की घ्यायचा. पडद्यावर तुझं नाव दिसायचं ना."

"पण ऐकू यायचं? थोडंतरी?"

"छे! शेवटी शेवटी तोफ डागली असती तरी वळला नसता."

"मी आले की माझ्याकडे एकटक बघत बसायचे. वाटायचं, रागावलेत."

"ओठ वाचायचा."

"मग मला का नाही सांगितलं? नोकरी तर संपली होती."

"लपवायची सवय थोडीच रिटायर होते? मी म्हटलं होतं त्याला, सांगून टाक पोरीला. तर म्हणाला, कळलं तर ती फोन करायची बंद होईल. नाही ऐकू आलं म्हणून काय झालं, थरथरतो ना." काकांनी आपला तळवा छातीवरच्या खिशावर ठेवला. "रविवारी असा बसायचा, दुपारपासून. पोरगा शाळेचा निकाल घेऊन बसतो ना, तसा."

भिंतीपलीकडे कुणीतरी नळ सोडला, बादली भरली, नळ बंद झाला.

"आणि सोमवारी बाकावर बसलो की माझं डोकं खायचा. काय म्हणाली असेल रे पोरगी? आता मला काय ठाऊक? मी म्हणायचो, जेवलात का म्हणाली असेल. लेकी दुसरं काय विचारतात? मग तेच उत्तर घोकून ठेवलं त्याने. जेवलो मी, तू जेवलीस ना. बरोबर बसायचं ना जागेवर?"

"बसायचं."

काका उठले. पँटची मागची बाजू झटकली, हातोडी काखेत धरली. निघता निघता मात्र थबकले, आणि नापास होण्याची भीती असल्यासारखं त्यांनी विचारलं, "काय म्हणायचीस गं तू? खरं काय ते."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, भुवया पिकून पांढऱ्या झालेल्या. तिने विटेवरचा हात उचलला, बोटांना लागलेली पिवळी भुकटी पुसली.

"तेच," ती म्हणाली. "जेवलात का, असं."

"तरी! मी सांगत होतो त्याला."

ते खूश होऊन दोन पावलं गेले. मग वाटेतल्या एका विटेशी वाकले, हातोडीने सवयीचा टोला दिला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. वीट बद्द वाजली, ते तिला कळलं. काकांनाही कळलं असणार. वाकलेलेच राहून त्यांनी आधी तिच्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं, मग खोक्यांकडे.

या वेळी फाटकाची कडी त्यांनी आवाज न करता उघडली.

"घर कुठे पळून जात नाही," ते म्हणाले, तेही पाठ फिरवूनच आणि इतक्या हळू, की तिला कान द्यावा लागला. "आली आहेस तर राहा थोडे दिवस."

फाटक लागलं. ती खोक्यापाशी बसली, वर्तमानपत्राची गुंडाळी सोडवून तिने चहाचं पातेलं बाहेर काढलं.