वाचा फोडणारी गुहा

गुहेच्या तोंडाशी गाड्यांची ही लांबच लांब रांग लागली होती. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून इथे थांबत. आत म्हणे एक खळगा होता; मुक्या लेकराला त्यात निजवलं की त्याला वाचा फुटते.

"मंडळी, डोकी सांभाळा, शंका बाहेर ठेवा!" गाईड टॉर्च नाचवत पुढे चालला होता. "हा दगडी पडदा, हा दगडी हत्ती, आणि आता साक्षात चमत्कार! इथे पाप उभं राहतं, पुण्य आडवं होतं! मोठ्यांना काही होणार नाही, आपण सगळे पापी. निष्पाप पोरांना मात्र गुहा लगेच जवळ घेते. डोळे मिटतात, अंग सैल पडतं. समाधी, मंडळी, समाधी!"

गर्दी गहिवरली. त्या गर्दीत विज्ञानाची एक शिक्षिका होती. तिचं या बडबडीनं डोकं उठलं होतं. तिची लहानगी जन्मापासून बहिरी, म्हणून बोलत नव्हती. मायलेकी हातांच्या खुणांनी दिवसभर गप्पा मारत. सोबत आलेल्या सासूबाईंच्या लेखी ते बोलणंच नव्हतं.

"निजू दे गं तिला थोडा वेळ," नवरा म्हणाला. "आईच्या मनाचं समाधान. दगडावर निजल्यानं काय बिघडतंय?"

काही बिघडत नाही, असंच तिलाही वाटलं.

खळगा कमरेइतका खोल होता. वर कडेच्या कोनाड्यांत दिवे तेवत होते. गाईडने गाल फुगवून, घाईघाईने वाकून मुलीला तळाशी निजवलं आणि टुणकन वर आला. पोर आधी हसली. मग तिची छाती भराभर वरखाली होऊ लागली आणि तिने हात उचलले.

"हात हलले!" एक किडकिडीत बाई ओरडली. "देव बोलतोय तिच्या हातांतून!"

सगळ्यांनी हात जोडले. ते बोलणं एकट्या आईला कळत होतं. *आई. उचल. श्वास. आई.*

ती झेपावली. नवऱ्याने तिचा दंड धरला. किडकिडीत बाईने मागून कमरेला मिठी मारली. "मध्ये पडू नका हो! आधी असंच होतं!"

मुलीचे हात खाली पडले. शिक्षिका नवऱ्याच्या हाताला रक्त येईस्तोवर चावली, तिने बाईला कोपराने ढकललं आणि खळग्यात उडी घेतली. मुलीचे ओठ निळे पडले होते. खांद्यावर घेऊन वर आणताच पोर खोकली, ओकली आणि रडली.

"घात केला!" गाईड किंचाळला. "वाचा ओठांपर्यंत आली होती, मंडळी!"

"वैरीण आहेस तू माझ्या नातीची," सासूबाई म्हणाल्या.

शिक्षिकेने मुलीला नवऱ्याकडे दिलं, कोनाड्यातला दिवा उचलला आणि खळग्यात खाली खाली नेला. तळाजवळ ज्योत पटकन विझली. दुसरा दिवा नेला. विझला. तिसराही.

"खालच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड येतो," ती म्हणाली. "हवेपेक्षा जड असतो, म्हणून पाण्यासारखा खड्ड्यात साठतो. आपलं नाक त्याच्या वर राहतं आणि निजलेल्या पोराचं आत बुडतं. समाधी कसली? पोरं गुदमरतात! आणि ह्या गाईडना ते ठाऊक आहे. वाकताना श्वास कोंडून घेतात हे!"

"खोटं आहे!" गाईड ओरडला.

"मग झोपा. तुम्ही तर पापी. तुम्हाला काय होणार?"

गर्दीला नवा खेळ मिळाला. मघाशी जोडलेल्या हातांनीच गाईडची मानगूट धरली आणि त्याला तळाशी दाबलं. त्याने गाल फुगवले. कुणी तरी हसलं. मग गाल सुटले, डोळे बाहेर आले, तो नखांनी दगड ओरबाडू लागला. शिक्षिका बघत राहिली. "उचला" म्हणायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"माहीत होतं," तो धापा टाकत म्हणाला. "मी वेळेवर काढतो पोरांना. बहुतेक वेळा."

किडकिडीत बाई पुढे आली. "माझा मुलगा गेल्या वर्षी इथेच निजला. तोही हात हलवत होता. उठला नाही. हे गाईड म्हणाले, देवाने ठेवून घेतला. म्हणून मी त्याला भेटायला येते." तिने शिक्षिकेकडे पाहिलं. "मी त्याला नुसतं उचललं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"वाचला असता," शिक्षिका म्हणाली.

बाई खळग्याच्या काठाशी बसली. कुणाला उचलावं तसे तिने रिकामे हात खाली घातले.

गुहेला पाप कळत नाही आणि पुण्यही कळत नाही. खड्ड्यात वायू साठतो, एवढंच खरं. तुमचं लेकरू तळमळताना दिसलं तर जोडलेले हात सोडा आणि आधी त्याला उचला. देवाला काय विचारायचं ते नंतर विचारा.